नवं बनवू नका, आधी दुरुस्त करा: शाळेतल्या पहिल्या सेवा-प्रकल्पासाठी

वर्षाच्या सुरुवातीला एका ओळीची सूचना येते: नववी-दहावीच्या मुलांकडून व्यावसायिक कौशल्याचा एखादा प्रकल्प करून घ्या, आणि त्यात समाजसेवाही असू द्या. ही सूचना ज्याच्या हाती पडते तो शिक्षक बहुतेक वेळा गणिताचा, भूगोलाचा किंवा भाषेचा असतो. करवत शेवटची कधी धरली होती, ते त्यालाही आठवत नाही. मग सोपी वाट धरली जाते. एक दिवस झाडलोट, चार फलक, एक फेरी, सगळ्यांचा मिळून फोटो आणि दहा पानांचा अहवाल. मुलं घामाघूम होतात, पण त्यांच्या हाताला नवं काही येत नाही, आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्यांच्या आयुष्यात दुसऱ्या दिवशी काहीच बदललेलं नसतं.

पहिल्यांदाच असा प्रकल्प हाती घेणाऱ्या शिक्षकासाठी हा लेख आहे. मोठी मुलंही तो वाचून स्वतःचं काम ठरवू शकतील. माझा आग्रह एकच आहे: पहिल्या वर्षी काहीही नवं बनवायला जाऊ नका. कुणीतरी रोज वापरत असलेली, पण धड न चालणारी वस्तू शोधा आणि ती नीट करा. सहा महिन्यांनी ती वस्तू चालू असेल तरच प्रकल्प झाला असं समजा.

कामाआधी थोडा विचार

शाळेतले प्रकल्प दोन बाजूंनी फसतात. एका बाजूला तीस मुलं तीस एकसारखी पेनस्टँड बनवतात. हात चालतो, पण त्या पेनस्टँडची वाट कुणीच पाहत नसतं. दुसऱ्या बाजूला वृद्धाश्रमात गाणी म्हणून आणि फळं वाटून मुलं परततात. हेतू चांगला असतो, पण त्यासाठी शाळेत काही शिकावं लागत नाही. गरज खरी असावी आणि ती भागवण्यासाठी एखादं कौशल्य मुद्दाम शिकावं लागावं. या दोन्ही अटी एकाच कामात बसल्या पाहिजेत.

हाताने काम करत शिकावं हा विचार काही आजचा नाही. शिक्षणतज्ज्ञ उनो सिग्नेयुस यांच्या प्रयत्नांतून फिनलंडच्या शाळांमध्ये हस्तकला 1866 मध्येच अभ्यासक्रमाचा भाग झाली. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या शिक्षणाची मांडणी केली. सेवेतून शिकण्याची स्वतंत्र पद्धत अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. तिच्या सुरुवातीच्या मांडणीत रॉबर्ट सिग्मन यांनी 1979 मध्ये तीन तत्त्वं सांगितली. त्यातलं पहिलंच तत्त्व आपल्या बहुतेक शालेय उपक्रमांना अडचणीत आणणारं आहे: ज्यांची सेवा करायची, सेवा कोणती हे त्यांच्याच हाती असलं पाहिजे. म्हणजे वर्गात फळ्यावर विषय लिहून मतदान घेतलं की सुरुवातच चुकते.

पहिली पायरी: काम शोधायला बाहेर पडा

शाळेपासून चालत जाता येईल अशी एखादी जागा निवडा. सार्वजनिक वाचनालय, लहान मुलांची शाळा, दवाखान्याचा प्रतीक्षाकक्ष, वृद्धाश्रम, बाग, यातलं काहीही चालेल. चालत जाता येणं ही अट किरकोळ वाटते, पण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. जिथे जायला गाडी ठरवावी लागते तिथे दुसऱ्यांदा जाणं होत नाही, आणि दुरुस्तीच्या कामात तर चार-पाच वेळा जावंच लागतं.

तिथल्या माणसांना "तुम्हाला काय हवंय?" असं विचारू नका. या प्रश्नाला दोनच उत्तरं मिळतात. एक तर संकोचून "काही नको, मुलं आली हेच खूप" असं म्हणतात, नाहीतर देणगी म्हणून मोठी यादी देतात. त्यापेक्षा असं विचारा:

- इथली कोणती वस्तू वापरायची तुम्ही टाळता?
- काय मोडलंय, पण तसंच चालवून घेताय?
- कोणतं काम करताना रोज कुणाला तरी हाक मारावी लागते?

आणि विचारण्याआधी मुलांना तासभर नुसतं बसून पाहू द्या. कोणत्या खुर्चीवर कुणीच बसत नाही, कोणत्या दाराखाली कागदाची घडी खोचली आहे, कोणत्या नळाला दोरी बांधली आहे, कोणता दिवा लावायला स्टुलावर चढावं लागतं, याची त्यांनी नोंद करायची. माणसांनी स्वतःहून केलेली अशी जुगाडं म्हणजे गरजेचा पक्का पुरावा असतो. चार-पाच मुलांच्या गटाला एका तासात पंधरा-वीस नोंदी सहज मिळतात.

आता यादीला चाळण लावा. तिथल्या एका जबाबदार माणसाने "हो, हे करा, आणि नीट झालं का ते मी सांगेन" असं म्हटलं पाहिजे. "संस्था सांगेल" म्हटलं तर शेवटी कुणीच सांगत नाही. काम हातात असलेल्या वेळेच्या निम्म्यात संपेल असं दिसलं पाहिजे, कारण ते दुप्पट वेळ घेणारच आहे. आणि काम बिघडलं तरी कुणाला इजा होता कामा नये. जिन्याचा कठडा, छताला टांगायचा पंखा, भिंतीतली वायरिंग, गॅसची जोडणी, उंचावर चढून करायचं काम, हे सगळं यादीतून थेट खोडून टाका. मुलं कितीही हुशार असोत, यावर चर्चा नको.

एक गोष्ट सहसा कुणी विचारात घेत नाही. हे काम एरवी पैसे देऊन कुणाकडून करून घेतलं जातं का? तसं असेल तर फुकट काम करणारी तीस मुलं एखाद्या कारागिराची कमाई हिरावून घेतील. जे काम परवडत नाही म्हणून किंवा लहान आहे म्हणून कधीच कुणाला दिलं जात नाही, ते तुमचं.

दुरुस्तीचाच आग्रह का, तेही सांगतो. मोडलेली वस्तू उघडली की ती कशी बनवली होती ते आतून दिसतं. नव्या वस्तूचं चित्र काढून हे कळत नाही. साहित्य कमी लागतं. वस्तू वापरणारा माणूस आधीच ठरलेला असतो, त्यामुळे "हे आता ठेवायचं कुठे?" हा प्रश्न पडत नाही. 2009 मध्ये मार्टिना पोस्टमा यांनी ॲमस्टरडॅममध्ये पहिलं 'रिपेअर कॅफे' भरवलं. लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि जाणकार स्वयंसेवकाशेजारी बसून त्या दुरुस्त करतात. हा प्रकार नंतर अनेक देशांत पसरला. त्यातली शेजारी बसण्याची पद्धत शाळेने जशीच्या तशी उचलावी.

दुसरी पायरी: जाणणारा माणूस

तुम्हाला सुतारकाम येत नसेल तर बिघडत नाही. पण सुतारकाम येणारा कुणीतरी सोबत पाहिजेच. व्हिडिओ पाहून काम समजतं, पण हाताला किती जोर लावायचा ते समजत नाही.

कारागिराला भाषण करायला बोलावू नका. बरेच कारागीर खुर्चीवर बसवून माईक दिला की अवघडतात, आणि हातात पटाशी (लाकूड तासायची सपाट छिन्नी) दिली की तासभर बोलतात. त्यांच्यासमोर मोडकी वस्तू ठेवा, त्यांना नेहमीसारखं काम करू द्या आणि मुलांना मधूनमधून प्रश्न विचारू द्या. नंतर तेच काम मुलांनी करायचं, त्यांनी पाहायचं. मानधन द्या. सेवा मुलांनी करायची आहे, कारागिराने मजुरी बुडवून करायची नाही. गुण देतानाही त्यांचं मत घ्या. सांधा घट्ट बसला की नाही हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

तिसरी पायरी: आधी टाकाऊवर हात बसवा

लोकांच्या वस्तूला हात लावण्याआधी प्रत्येक मुलाने टाकाऊ लाकडावर, जुन्या पाइपवर किंवा निकामी उपकरणावर सराव केला पाहिजे. मोजणं, खूण करणं, कापणं, भोक पाडणं, घासणं, स्क्रू आवळणं, एवढं आलं तरी पहिल्या प्रकल्पाला पुरतं. गुण्या लावून काटकोनात रेघ मारणं आणि करवत त्या रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवणं, या दोनच गोष्टींसाठी एक अख्खा तास द्यायला हरकत नाही. करवतीच्या पात्यालाही जाडी असते आणि तेवढं लाकूड भुसा होऊन जातं. रेघेवरच कापलं तर तुकडा लांडा होतो. हे सांगून पटत नाही, एकदा तुकडा लांडा झाला की पटतं.

सुरक्षिततेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण "काळजी घ्या" एवढ्या सूचनेचा काही उपयोग होत नाही.

डोळ्यांवर चष्मा सगळ्यांच्या. काम करणाऱ्याच्या आणि शेजारी उभं राहून पाहणाऱ्याच्याही. केस बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, गळ्यात काही लोंबतं नको, पायात बंद बूट. हातमोजे मात्र सरसकट नकोत. खडबडीत लाकूड उचलताना ते हवेत, पण ड्रिलसारखं फिरणारं यंत्र चालवताना ते काढून ठेवायचे. मोज्याचा धागा अडकला की यंत्र हातालाच ओढून घेतं. नवख्या शिक्षकाला हे उलटं वाटतं आणि तो मोजे घालायला लावतो.

ड्रिलखालचा तुकडा हाताने धरायचा नाही, क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या पकडीने) टेबलाला आवळायचा. पटाशी चालवताना दोन्ही हात तिच्या धारेच्या मागे. धार बोथट असेल तर जास्त जोर लावावा लागतो आणि तोच हात घसरतो, म्हणून बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा धोकादायक.

जुना रंग कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांच्या शरीरात जाणं वाईट. रंग किती जुना आहे ते माहीत नसेल तर ती वस्तूच सोडा. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याला भोक पाडायचं नाही. जवसाच्या तेलाने किंवा तसल्या पॉलिशने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढिगाऱ्यात ती अडकली की चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या एकेक पसरून उघड्यावर वाळवायच्या.

विजेच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर बॅटरीवर किंवा कमी व्होल्टवर चालणाऱ्या घ्या. प्लग काढला म्हणजे धोका टळला असं नसतं. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि जुन्या काचेच्या नळीचे टीव्ही यांच्या आत प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा भार साठलेला राहू शकतो. ते उघडायचेच नाहीत. फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, बाजूला ठेवून जाणत्याकडे द्यायची.

बाहेरच्या जागी कमीत कमी दोन मोठी माणसं सोबत हवीत, म्हणजे एका मुलाला लागलं तरी बाकीची एकटी पडत नाहीत. कोणतंही मूल अनोळखी प्रौढासोबत बंद खोलीत एकटं काम करणार नाही. पालकांची लेखी संमती घ्या, आणि तिच्यात नेमकी कोणती हत्यारं वापरणार तेही लिहा. तिथल्या माणसांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. आजारी, वृद्ध किंवा लहान मुलांच्या बाबतीत तर फोटो नसलेलेच बरे.

चौथी पायरी: प्रत्यक्ष काम

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवतो. समजा, वाचनालयात आठ लाकडी खुर्च्या डगमगतात म्हणून भिंतीला लावून ठेवल्या आहेत. नवख्या वर्गासाठी यापेक्षा चांगलं काम मिळणं कठीण.

पहिलं काम निदानाचं. खुर्ची सपाट फरशीवर ठेवायची आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने दाब द्यायचा. खुर्ची हलते, पण तिचे सांधे हलत नाहीत, असं असेल तर एखादा पाय लांडा आहे, नाहीतर फरशीच उंचसखल आहे. खुर्ची दुसऱ्या जागी नेऊन पाहायची. तिथे नीट उभी राहिली तर दोष फरशीचा. आता पाठ धरून बाजूला हलवायची. पाय आणि आडवी पट्टी जिथे जुळतात तिथे फट उघड-मीट होत असेल तर सांधा सुटला आहे. मुलांना सगळ्यात जास्त मजा या तपासणीत येते, आणि विज्ञानाच्या तासाला शिकवलेलं 'एका वेळी एकच गोष्ट बदला' हे सूत्र इथे कामाला येतं.

लांड्या पायावर उपाय म्हणून बाकीचे तीन पाय कापायला कुणीतरी हमखास करवत उचलतं. थांबवा. एक कापला की दुसरा लांब वाटतो, आणि शेवटी बसणाऱ्याचे गुडघे वर येतात. लांड्या पायाखाली त्याच मापाची लाकडी किंवा रबरी चकती बसवा.

सांधा सुटला असेल तर त्यात खिळा ठोकायचा मोह होतो. वाचनालयात आधीही कुणीतरी ठोकलेला असेलच. खिळ्याने लाकूड चिरतं, सांधा थोडे दिवस गप्प बसतो, आणि पुढची दुरुस्ती करणाऱ्याला तो खिळा आधी उपसावा लागतो. योग्य पद्धत वेळखाऊ आहे, पण सोपी आहे. सोडवण्याआधी प्रत्येक भागावर चिकटपट्टी लावून अक्षर लिहायचं आणि फोटो काढायचा. आठ खुर्च्यांचे बत्तीस पाय एकत्र झाले की कोणता कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मध्ये लाकडाचा तुकडा धरून हलक्या हाताने ठोकत सांधा सुटा करायचा. मग आतला जुना गोंद पूर्ण खरवडून काढायचा. ही पायरी मुलं टाळतात आणि तिथेच दुरुस्ती फसते. नवा गोंद लाकडाच्या तंतूंत मुरून धरतो. मध्ये जुन्या गोंदाचा थर राहिला तर त्याला मुरायला जागाच मिळत नाही.

गोंद लावण्याआधी खुर्ची एकदा कोरडीच जोडून पाहायची. बसतेय ना? मग पुन्हा सोडवून लाकडाचा पांढरा गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, जोडायचं, क्लॅम्प आवळायचा आणि बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसायचा. क्लॅम्प नसेल तर दोरीचा वेढा घालून त्यात काठी पिळली तरी चांगला ताण येतो.

खुर्ची तिरकी तर जुळली नाही ना, हे पाहायला बैठकीचे दोन्ही कर्ण मोजायचे. बहुतेक खुर्च्यांची बैठक मागे निमुळती असते, म्हणजे तो आयत नसतो. तरी दोन्ही कर्ण सारखेच यायला हवेत, कारण तो समद्विभुज समलंब चौकोन असतो. हा गुणधर्म पुस्तकात सिद्ध करून विसरलेली मुलं खुर्चीजवळ टेप घेऊन वाकतात तेव्हा गणिताच्या शिक्षकाने तिथे जरूर असावं. फरक आला तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प तिरका लावून दाबायचा, गोंद ओला आहे तोवर.

क्लॅम्प तासाभराने काढता येतो, पण पूर्ण ताकद यायला चोवीस तास द्या. त्याआधी कुणालाही बसू देऊ नका, हेडमास्तरांनाही. नंतर आधी वजन ठेवून आणि मग मोठ्या माणसाला बसवून चाचणी घ्यायची.

गटात कामं फिरती ठेवा. लक्ष दिलं नाही तर दर वेळी तोच मुलगा ड्रिल धरतो आणि सुंदर अक्षराची तीच मुलगी वही लिहीत बसते. दर तासाला हत्यार, मोजमाप, नोंद आणि आवराआवर यांची अदलाबदल झाली पाहिजे. शेवटची पंधरा मिनिटं हत्यारं मोजून जागेवर ठेवायला राखून ठेवा. एखादी पटाशी कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणीही जायचं नाही.

लाकूडकामाची सोय नसेल तर दुसरी कामंही अशीच निवडता येतात. चाकाच्या खुर्चीला अडणारा दाराचा उंबरा घ्या. उताराचं 1:12 हे प्रमाण अनेक देशांच्या नियमांत आढळतं, म्हणजे दर 1 सेंटीमीटर उंचीला 12 सेंटीमीटर लांबी. 5 सेंटीमीटरच्या उंबऱ्याला 60 सेंटीमीटरची लाकडी उतरंड पुरते, ती मुलं बनवू शकतात. (हे एकच 'नवं' मी पहिल्या वर्षी चालवून घेईन.) मात्र 45 सेंटीमीटरच्या पायऱ्यांना 540 सेंटीमीटर लागतात हे मोजल्यावर बहुतेक ठिकाणी जागाच पुरत नाही. तिथे मुलांनी मोजमाप, नकाशा आणि अर्ज करायचा, बांधकाम मात्र व्यावसायिकांकडूनच करून घ्यायचं. हासुद्धा पूर्ण प्रकल्पच आहे.

छतावरचं पाणी वाया जात असेल तर हिशेब सोपा आहे: 1 चौरस मीटरवर 1 मिलीमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 80 चौरस मीटर छतावर 25 मिलीमीटर पडला की 2000 लिटर. त्यातलं काही उडतं, काही मुरतं, आणि पहिलं घाण पाणी सोडून द्यावं लागतं. तुटलेली पन्हळ जोडणं हे काम छताच्या कडेला असतं, म्हणून ते मोठ्यांचं. खालचा पाइप, जाळी आणि टाकीची तोटी मुलांची. बागेतला कुजका वास मारणारा कंपोस्टचा खड्डा सुधारणंही चांगलं काम आहे. वास येतो म्हणजे बहुधा ओलं जास्त, सुकं कमी आणि हवा नाही. कार्बन (सुक्यात जास्त) आणि नायट्रोजन (ओल्यात जास्त) यांचं प्रमाण साधारण 30:1 च्या आसपास यावं यासाठी वाळका पाला भरपूर मिसळायचा, ढीग उलटापालटा करायचा आणि मूठभर माल दाबून पाहायचा. एखाद-दोन थेंब सुटले तर ओल बरोबर.

पाचवी पायरी: वही

काम झालं की मुलांना बसवून "कसं वाटलं?" विचारण्याची पद्धत आहे. उत्तर ठरलेलं: छान वाटलं, खूप शिकायला मिळालं. यातून कुणालाच काही मिळत नाही, आणि मुलांना शिक्षकांना आवडेल ते लिहायची सवय लागते. डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये अनुभवातून शिकण्याचं जे चक्र मांडलं त्यात अनुभवानंतर त्याकडे मागे वळून पाहणं, त्यातून नियम काढणं आणि तो पुन्हा वापरून पाहणं असे टप्पे आहेत. या टप्प्यांना पोचायचं तर प्रश्न टोकदार हवेत.

रोज काम संपल्यावर पाच मिनिटं, उभ्याउभ्या, आणि लेखी. आज काय अडलं? ते कशामुळे असं वाटतं? उद्या काय वेगळं करणार? एवढंच. आठवड्यातून एकदा जरा खोल जाऊन विचारा: ही वस्तू इतके दिवस मोडकी का राहिली? वाचनालयाकडे पैसे नव्हते, माणूस नव्हता, की कुणी तक्रारच केली नाही? तक्रार करायची कुठे? इथून नागरिकशास्त्र सुरू होतं. काही मुलं खुर्च्यांवरून थेट वाचनालयाच्या अंदाजपत्रकापर्यंत जातात. त्यांना अडवू नका.

नोंदीत भावना आल्या तर येऊ द्या, पण त्यांना गुण देऊ नका. ज्याला वृद्धाश्रमात कंटाळा आला त्याने तसं लिहायची मुभा हवी.

वेळ, साहित्य आणि गुण

हे थोडक्यात. सलग दोन तासिका आठवड्यातून एकदा, असे आठ ते दहा आठवडे धरा. सुट्या एकेका तासिकेत हत्यारं काढून परत ठेवण्यातच वेळ जातो. साहित्याची यादी तीन रकान्यांत करा: उसनं आणायचं, संपणारं आणि विकत घ्यायचं. संपणारं साहित्य हिशेबापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त घ्या. हत्यारं थोडी पण चांगली घ्या. स्वस्त गुण्या काटकोनात नसतो आणि मग सगळ्या वर्गाचं काम तिरकं होतं.

तासांवर गुण देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने शाळा पूर्ण करण्यासाठी सेवेतून शिकणं सक्तीचं केलं, तेव्हा 75 तासांचं माप ठरवलं. मोठ्या व्यवस्थेला असं माप लागतं हे खरं, पण वर्गात तास मोजायला लागलं की मुलंही तासच भरतात. त्याऐवजी निदान बरोबर होतं का, काम टिकाऊ झालं का, नोंदी दुसऱ्याला कळतील अशा आहेत का, आणि हत्यारं नीट ठेवली का, यावर गुण द्या. फसलेल्या खुर्चीलाही, ती का फसली हे नेमकं सांगता आलं, तर चांगले गुण मिळाले पाहिजेत.

सहावी पायरी: सोपवणं

पाहुणे, हार आणि भाषणं टाळता आली तर टाळा. ज्यांनी "नीट झालं का ते मी सांगेन" म्हटलं होतं त्यांना बोलवा, खुर्च्या नेहमीच्या जागी ठेवा आणि वाचकांना बसू द्या. तक्रार आली तर ती तिथेच वहीत लिहून घ्यायची. सोबत एक पानाची सूचना द्या: कोणत्या खुर्चीत काय केलं, कोणता गोंद वापरला, पुन्हा हलली तर काय पाहायचं, आणि शाळेत कुणाला कळवायचं. खुर्चीवर शाळेचं नाव रंगवू नका. वाचनालयाची खुर्ची वाचनालयाचीच राहू द्या.

सातवी पायरी: पुन्हा जा

महिन्याने एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा जाण्याच्या तारखा आजच शाळेच्या वेळापत्रकात घाला, नाहीतर परीक्षा, स्नेहसंमेलन आणि सुट्ट्या यांत त्या बुडतात. प्रत्येक खुर्चीची तीच निदान-तपासणी पुन्हा करायची आणि जुन्या नोंदीशेजारी नवी लिहायची. एक-दोन खुर्च्या परत हलत असतीलच. त्या कोणत्या गटाच्या होत्या हे महत्त्वाचं नाही, गोंद खरवडला होता का हे महत्त्वाचं. ज्या मुलांनी ती दुरुस्ती केली होती त्यांच्याकडूनच ती उघडून घ्या आणि आत काय दिसतं ते त्यांना पाहू द्या.

वर्ष संपलं की वही, फोटो आणि यादीतली न झालेली कामं एकाच फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षीच्या तुकडीला जागा शोधायची गरज नाही. ती त्याच वाचनालयात, यादीतल्या पुढच्या नोंदीपासून सुरू करेल: दाराखाली खोचलेली ती कागदाची घडी.